खेळणी जुनी का होतात?

सकाळी साडेसातच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर यांपैकी कोणत्याही उपनगरातील एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकाशी क्षणभर उभे राहिले, तर एक दृश्य हटकून नजरेस पडते. आईच्या किंवा बापाच्या एका खांद्यावर कचेरीची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर अर्धवट झोपेतले मूल, आणि दृष्टी मनगटावरील घड्याळाकडे. मूल शेजारच्या इमारतीतील पाळणाघरात पोहोचवावयाचे आणि तेथून स्टेशनाची वाट धरावयाची, हा नित्यक्रम. हे पाळणाघर म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. बहुधा ते एखाद्या गृहिणीचे दोन खोल्यांचे बिऱ्हाडच असते. सकाळी सोफा भिंतीला सरकविला, सतरंजी अंथरली, कोपऱ्यातील टोपली पुढे ओढली, की बिऱ्हाडाचे पाळणाघर होते. आणि रात्री आठ वाजता सतरंजी गुंडाळली, की पाळणाघराचे पुन्हा बिऱ्हाड. मुले त्या गृहिणीला काकू, मावशी किंवा आजी म्हणतात. दिवसाचे दहा-अकरा तास त्या मुलांचे जग एवढ्या खोलीत सामावलेले असते.

मुंबईची हद्द १९५० साली आणि त्यानंतर १९५७ साली वाढविण्यात आली व ही उपनगरे महानगरात सामील झाली. त्यापूर्वीच्या वाड्यांतून व नंतरच्या चाळींतून लहान मुलाला खेळविणे हे कोणाचेच स्वतंत्र काम नव्हते. ओटा होता, अंगण होते, आजी होती, शेजारची मोठी मुले होती. सदनिकांच्या आगमनाबरोबर यांतील बहुतेक गोष्टी गेल्या आणि जे काम सर्वांचे मिळून होत असे, ते एका स्त्रीच्या पदरी येऊन पडले. त्यातच २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ही सवलत योग्यच होय. परंतु तिचा अर्थ असाही, की रजा संपते त्या दिवशी सहा-सात महिन्यांचे बालक पाळणाघराच्या उंबरठ्यावर येते. तेथे त्याच्या सोबतीस दीड वर्षाचे, तीन वर्षांचे, आणि दुपारनंतर शाळेतून परतणारे सहा-सात वर्षांचेही मूल असते. इतक्या भिन्न वयाच्या मुलांना एकाच खोलीत, एकाच टोपलीतील खेळण्यांवर, दिवसभर रमवावयाचे आहे.

पाळणाघर चालविणाऱ्या स्त्रियांची तक्रार सर्वत्र जवळजवळ एकच असते. टोपली पालथी केली, की मुले तिच्यावर तुटून पडतात; दहा मिनिटांत मोटारी, ठोकळे, बाहुल्या, भांडीकुंडी खोलीभर पसरतात; आणि अकराव्या मिनिटाला एक मूल पडद्याशी झोंबत असते, दुसरे दुसऱ्याचे केस ओढीत असते, तिसरे स्वयंपाकघराच्या दाराशी रडत उभे असते. मग काकूंना वाटते, की खेळणी जुनी झाली, नवी आणली पाहिजेत. आईबापांना तसे सुचविले जाते. तेही वाढदिवसाच्या निमित्ताने दोन नवी खेळणी आणून देतात. ती आठवडाभर पुरतात, आणि टोपली तेवढी अधिक जड होते. याच टप्प्यावर पुष्कळ घरांत नाइलाजाने दूरदर्शनसंच सुरू होतो किंवा हातात मोबाइल येतो.

हा नाइलाज समजण्यासारखा आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला समज तपासून पाहावयास हवा. खेळणे खरोखर जुने होते काय? रंग उडाला, चाक निखळले, म्हणून मूल त्याला टाकते असे म्हणावे, तर तेच मूल हँडल तुटलेल्या पातेल्याशी तासभर खेळताना दिसते. तेव्हा जुनेपणा खेळण्याच्या अंगी नसून अन्यत्र कोठेतरी आहे, हे उघड होय.

या बाबतीत मानसशास्त्रज्ञांनी तान्ह्या मुलांपासून निरीक्षणास आरंभ केला. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बालकांसमोर एका वेळी दोन चित्रे धरली. त्यांपैकी एक पुन्हा पुन्हा तेच, तर दुसरे प्रत्येक वेळी नवे. दोन महिन्यांपलीकडील बालके नेहमीच्या चित्राकडे उत्तरोत्तर कमी व नव्याकडे अधिक पाहू लागली. ज्यातून नवे काही मिळण्यासारखे उरले नाही, त्यावरून दृष्टी काढून घेणे हा मनाचा दोष नव्हे. ती बुद्धीची पहिली खूण आहे. भिंतीवरचे घड्याळ वडीलधाऱ्यांनाही वाजेपर्यंत दिसत नाही. टोपलीतील जी मोटार सकाळपासून रात्रीपर्यंत आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत डोळ्यांसमोर असते, ती मुलाला दिसेनाशी होते, इतकेच. ती जुनी झालेली नसते. ती सदैव हजर असते, हा तिचा अपराध.

आपल्या जुन्या खेळांकडे पाहिले, तर ही गोष्ट पूर्वजांनी न सांगता सांभाळलेली दिसते. महाराष्ट्रात खेळांना ऋतू होते. पतंग संक्रांतीच्या सुमारास वर चढत. मातीचे किल्ले दिवाळीत उभे राहत, आणि त्यावरचे मावळे वर्षभर कोनाड्यात किंवा फडताळात दडून बसत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी मुले आपले लाकडी बैल सजवून मिरवितात. तो बैल वर्षातून एकदा बाहेर येतो, म्हणूनच त्याच्या शिंगांना बेगड लावताना मुलाचा जीव एवढा गुंततो. तोच बैल रोज पायांत येता, तर त्याचे काय झाले असते हे सांगावयास नको. भोवरे, गोट्या, विटीदांडू यांचेही गल्लीगल्लीत दिवस येत व जात. त्यांची आज्ञा कोणी देत नसे, परंतु सर्वांना ती ठाऊक असे. पंचांगाने खेळण्यांना रजा दिली होती, असे म्हटले तरी चालेल. सदनिकेतील टोपलीला मात्र ऋतूच नाही. तिच्यात बारा महिने तेरा काळ सर्व काही एकत्र पडलेले.

यावरून पहिला उपाय सहज सुचतो, आणि त्याला पैसा लागत नाही. पाळणाघरात जेवढी खेळणी आहेत त्यांचे तीन किंवा चार भाग करावेत. एक भाग मुलांसमोर ठेवावा; बाकीचे माळ्यावर, पलंगाखाली, कपाटाच्या माथ्यावर, जेथे मुलांची नजर पोहोचत नाही तेथे बांधून ठेवावेत. आठ-दहा दिवसांनी, किंवा एखाद्या खेळण्याकडे मुले ढुंकून पाहत नाहीत असे दिसले म्हणजे त्यापूर्वीही, अदलाबदल करावी. महिन्याने परत आलेली तीच मोटार मुलाला नवी वाटते, आणि ते केवळ विस्मरणामुळे नव्हे. दीड वर्षाच्या मुलाच्या आयुष्यात एक महिना हा फार मोठा काळ आहे. तेवढ्या अवधीत ते चालावयाचे धावू लागलेले असते, दोन शब्द बोलावयाचे दहा बोलू लागलेले असते. मोटार तीच असली, तरी तिच्याकडे परत आलेले मूल ते नसते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. प्रत्येक मुलाचे एखादे जिवाचे खेळणे असते. कान तुटलेला ससा, एखादी मळकी बाहुली, क्वचित आईच्या जुन्या साडीचा तुकडादेखील. ते या फेऱ्यात कधीही घालू नये. ते खेळणे नव्हेच. ते मुलाचे घर आहे, आणि परक्या घरात दहा तास काढताना त्याला ते जवळ लागते.

समोर किती ठेवावे, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली यासंबंधी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळण्यांच्या व एकदा १६ खेळण्यांच्या सान्निध्यात खेळू दिले. ४ खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ रमली, आणि तेच खेळणे अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी वापरू लागली. १६ खेळण्यांत ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारीत राहिली. हा प्रयोग एकेकट्या मुलाचा होता, पाळणाघरातील घोळक्याचा नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे. सहा मुलांत चार खेळणी ठेवली, तर अर्धी सकाळ भांडण सोडविण्यातच जाईल. तथापि त्याचा मथितार्थ टोपलीला पुरेपूर लागू पडतो. टोपली पालथी करणे म्हणजे मुलासमोर एकदम पन्नास ताटे वाढण्यासारखे आहे. त्याऐवजी भिंतीलगत मुलांच्या हाताला येईल अशा बुटक्या फळीवर किंवा चार उथळ खोक्यांत निरनिराळी खेळणी सुटी, एकमेकांपासून वेगळी आणि पूर्ण स्थितीत मांडावीत. ठोकळे ठोकळ्यांजवळ, भातुकली तिच्या परडीत. कोड्याचा एक तुकडा हरवला असेल, तर ते कोडे त्या दिवशी मांडूच नये. शेवटच्या रिकाम्या खाचेपाशी येऊन निराश झालेले मूल दुसऱ्या दिवशी त्याला हात लावीत नाही.

मांडणीचे हे महत्त्व मारिया माँटेसरी यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे तीन वर्षांच्या आतबाहेरची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसवीत होती. सभोवार मुले गात होती, हिंडत होती. माँटेसरींनी तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले, तरी तिने काम सोडले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच दट्टे काढले आणि बसविले, आणि मग जणू विसावा घेऊन उठावे तशी ती प्रसन्नपणे उठली. लहान मुलांचे मन चंचल असते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. जेथे वस्तू मुलाच्या शक्तीला नेमकी पुरते, फार सोपी नसते आणि फार अवघडही नसते, तेथे ते चंचल राहत नाही.

परंतु माँटेसरींची साधने महाग, आणि ती बनवून घेणे सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे. या अडचणीचे उत्तर महाराष्ट्रात शोधले गेले, आणि तेही याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, बोरिवलीच्या बऱ्याच पुढे. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली दादर येथे शिशुविहार निघाला. दादरची मुले मध्यम वर्गातील होती, शहरी होती. ताराबाईंना मात्र प्रश्न पडला तो खेड्यातील मुलांचा. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डीस विलायती साधनांची प्रतीक्षा करण्याऐवजी त्यांनी शिंपले, गारगोट्या, पाने, बिया, काड्या हेच साहित्य हाती घेतले. लहानमोठे ओळखावयाचे तर शिंपले पुरतात, रंग ओळखावयाचे तर पाने व फुले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी म्हणू लागले, आणि तोच शब्द १९७५ पासून शासनाच्या बालविकास योजनेतून देशभर गेला.

उपनगरातील काकूंना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. समुद्रकाठचे शिंपले त्यांच्याजवळ नसतील. परंतु स्वयंपाकघर आहे, आणि लहान मुलाच्या दृष्टीने स्वयंपाकघरासारखे खेळण्यांचे दुकान नाही. पोळीचा जुना डबा व त्याचे झाकण, एकात एक बसणाऱ्या वाट्या, लाकडी डाव, गाळणे, रवी, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी, तागाचा तुकडा, स्वच्छ धुतलेली बाटली, एवढे एका रुंद परडीत घालून सात-आठ महिन्यांच्या बालकापुढे ठेवावे. इंग्लंडमध्ये एलिनॉर गोल्डश्मीड या बालशिक्षिकेने बसू लागलेल्या बालकांसाठी नेमकी हीच युक्ती प्रचारात आणली. प्लास्टिकच्या दहा खेळण्यांचा स्पर्श एकच, वास एकच, जिभेला लागणारी चव एकच. उलट परडीतील धातू थंड, लाकूड उबदार, करवंटी खडबडीत. ज्या वयात जग तोंडाने ओळखावयाचे असते, त्या वयात हा फरक फार मोठा होय.

थोड्या मोठ्या मुलांसाठी तर काहीही पुरते. वाणसामानाची रिकामी खोकी आज आगगाडी होतात, उद्या दुकान. बादलीभर पाणी, दोन भांडी आणि एक गाळणे यांवर न्हाणीघरात तीन वर्षांची दोन मुले अर्धा तास सहज रमतात. तेथे कोणीतरी मोठे माणूस मात्र क्षणभरही दूर होता कामा नये, कारण लहान मुलाला बुडावयास बादलीतील पाणीही पुरेसे असते. पावसाळ्यात उद्याने चिखलाने भरतात आणि मुले चार महिने घरात कोंडली जातात. त्या काळात वर्तमानपत्राच्या होड्या, कणकेचा गोळा आणि दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेले घर हाच खरा आधार. रस्त्याकडेच्या गुलमोहराची वाळलेली शेंग हलविली, की खुळखुळ्यासारखी वाजते.

ठोकळे, माती, पाणी, कापड, खोकी या वस्तूंचा गुण असा, की त्या स्वतः काहीच करीत नाहीत. कळ दाबताच गाणे म्हणणारे माकड फार हुशार खरे. परंतु जे करावयाचे ते सर्व माकडच करते, मुलाला केवळ कळ दाबण्याचे काम उरते. गाणी चार असतील, तर ती चारदा ऐकून झाल्यावर माकड संपते. ठोकळा संपत नाही. दीड वर्षाच्या मुलाला तो आपटावयास, दोन वर्षांच्याला एकावर एक ठेवून पाडावयास, चार वर्षांच्याला त्याचे रेल्वेस्टेशन बांधावयास आणि सात वर्षांच्याला त्यावर हिशेब मांडावयास उपयोगी पडतो. ज्या पाळणाघरात सर्व वयांची मुले एकत्र आहेत, तेथे पैसे खर्च करावयाचेच असतील, तर ते साध्या लाकडी ठोकळ्यांवर करावेत. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळेभाज्याही याच जातीच्या. त्या पाहून परदेशी पाहुणे हरखतात, आणि आपल्याकडे त्या काचेच्या कपाटात शोभेला ठेवल्या जातात, हा मोठा विनोद आहे.

खेळण्याइतकाच महत्त्वाचा भाग जवळच्या मोठ्या माणसाचा. येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. एक चूक म्हणजे खेळणी पुढे टाकून निघून जाणे. लहान मूल दर थोड्या वेळाने मान वर करून पाहते. ओळखीचा चेहरा दिसला, की पुन्हा खेळात शिरते. काकूंनी त्याच खोलीत बसून मेथी निवडली तरी पुरे, पण दिसावे. दुसरी चूक याच्या उलट. प्रत्येक खेळणे कसे खेळावयाचे हे शिकवीत बसणे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात शाळापूर्व वयाच्या मुलांना एक नवीन खेळणे दाखविले. त्याच्यात चार निरनिराळ्या करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने त्यांतील एक करामत मुद्दाम शिकविली. काहींच्या देखत ती जणू चुकून घडली. शिकविलेली मुले तेवढीच एक करामत पुन्हा पुन्हा करीत राहिली आणि लवकर कंटाळली. न शिकविलेल्यांनी अधिक वेळ खेळून इतर करामती हुडकून काढल्या. म्हणून नवीन खेळणे देताना ‘हे असे फिरवायचे, बाळ’ असे म्हणण्याऐवजी ते मुकाट्याने सतरंजीवर ठेवून द्यावे. मुलाने मोटार उलटी करून नुसते चाकच फिरविले, तरी ती चूक समजू नये. त्याला मोटार नको आहे, त्याला चाक हवे आहे.

पुष्कळदा तर जो कंटाळा म्हणून दिसतो, तो कंटाळा नसतोच. उंच खुर्चीवरून चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकणारे दहा महिन्यांचे मूल काकूंचा अंत पाहत नसून चमच्याचा पाहत असते; तो खाली गेला तरी असतो काय, दर वेळी तसाच वाजतो काय, हे त्याचे संशोधन चालू असते. कोपऱ्यात बसून इतरांकडे टक लावून पाहणारे नवे मूलही उदास असतेच असे नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदविले, त्यांत प्रेक्षक होऊन पाहणे हाही एक प्रकार आहे, आणि शेजारी बसून, पण आपापले खेळणे, हा दुसरा. दोन वर्षांच्या मुलाला ‘सगळ्यांनी मिळून खेळा’ असे सांगणे म्हणूनच बहुधा व्यर्थ जाते. त्या वयाला मिळून खेळता येत नाही, शेजारी खेळता येते. माँटेसरींच्या पद्धतीत प्रत्येक साधन एकच ठेवतात व मूल आपली पाळी येईतो थांबावयास शिकते. तीन वर्षांवरील मुलांना ते ठीकच आहे. परंतु पाळणाघरातील दुडदुडणाऱ्या मुलांसाठी तांबडा चेंडू घ्यावयाचा तर तांबडेच दोन घ्यावेत. एक तांबडा आणि एक निळा घेतला, तर दोघांनाही तांबडाच हवा असतो.

दुपारची मालिका हा प्रश्न नाजूक आहे. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीने अर्धा तास विरंगुळा मागितला, तर तिला कोण दोष देईल? मुले तर काही पाहत नाहीत, ती आपली खेळतात, असेही सांगितले जाते. २००८ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे नेमके तपासले. एक, दोन व तीन वर्षांच्या ५० मुलांना तासभर खेळू दिले. त्यांतील अर्धा तास खोलीत मोठ्यांचा एक कार्यक्रम चालू ठेवला. मुलांनी पडद्याकडे फारच थोडे पाहिले, एका वेळी काही क्षणच. तरीही त्यांचा खेळ तुटक झाला, एकेका खेळण्यावर ती कमी वेळ टिकली. न पाहिलेला कार्यक्रमही खेळ मोडतो, असा याचा अर्थ. मालिका मुले झोपल्यावर पाहिली, म्हणजे दोघांचेही साधते. मुलांच्या स्वतःच्या पाहण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालील मुलांना पडदा शक्यतो देऊच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक देऊ नये.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगितले, तरी ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आवश्यक झाले आहे; स्टेशनाबाहेरच्या हातगाडीवरून घेताना ते पाहावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळणे तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत त्याचा सुटा भाग मावतो काय, हे पाहतात. मावला, तर तो घशात अडकू शकतो. चिंचोके, सागरगोटे, मणी, मोठ्या भावंडांच्या गोट्या ही तान्ह्यांच्या खोलीत नसावीत. हवी असल्यास झाकण पक्के चिकटवलेल्या बाटलीत. गुंजा दिसावयास सुंदर, पण विषारी. सर्वांत घातक म्हणजे नाण्याएवढी चपटी बॅटरी; ती गिळली गेली, तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. अशी बॅटरी ज्या खेळण्यात आहे आणि जिचे झाकण स्क्रूने बंद नाही, ते खेळणे घराबाहेर काढावे.

खरी अडचण मुलांची नसून कित्येकदा आईबापांची असते. पाळणाघर पाहावयास आलेल्या जोडप्याला भिंतीलगत सहा वस्तू आणि चार खोकी दिसली, की त्यांच्या मनात शंका येते. शेजारच्या इमारतीत तर घसरगुंडी आहे, रंगीत गालिचा आहे, खेळण्यांनी भरलेले कपाट आहे. काकूंचा व्यवसाय त्या शंकेवर अवलंबून असतो. म्हणून माळ्यावरची बंद खोकी पहिल्याच दिवशी दाखवावीत, आणि ती बंद का आहेत तेही सांगावे. ‘काकू, याच्यासाठी नवीन काय आणू?’ असे विचारणाऱ्या आईला ‘घरातले जुने दोन डबे पाठवा, आणि त्याची एक मोटार इथे राहू द्या, इथली एक घरी न्या’ असे सांगता येते. शेजारच्या पाळणाघराशीही असाच देवघेवीचा व्यवहार होऊ शकतो. १९३५ साली मंदीच्या दिवसांत लॉस एंजेलिस येथे पुस्तकांप्रमाणे खेळणी उसनी देण्याची प्रथा सुरू झाली, आणि पुढे जगात अनेक ठिकाणी खेळण्यांची ग्रंथालये निघाली. घाटकोपरच्या एका रस्त्यावर तीन पाळणाघरे असतील, तर तेथे ग्रंथालयाची इमारत लागत नाही. दर महिन्याला तीन खोक्यांची फेरी पुरते.

राहिली सायंकाळ. लोकल उशिरा आलेली असते, आई दाराशी उभी असते, आणि मुलाचा ठोकळ्यांचा पूल अर्धाच झालेला असतो. घाईघाईने ठोकळे टोपलीत लोटले, की मूल रडत जाते. त्याऐवजी एक मोठे ताट किंवा पुठ्ठ्याचा तुकडा जवळ ठेवावा; बांधकाम शक्यतो त्याच्यावरच करू द्यावे, आणि निघण्याच्या वेळी ते तसेच उचलून फ्रिजवर ठेवून द्यावे, मुलाच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ते मूल आईच्या खांद्यावरून खाली उतरण्यापूर्वीच फ्रिजकडे बोट दाखविते.